उलटे धरलेले पुस्तक

पृष्ठ एकसष्ट उघडले, तेव्हा ते आधीच दुरुस्त झालेले होते.

मी दुसरी प्रत काढली, मग तिसरी. कराडच्या त्या दुकानात माझ्या पुस्तकाच्या अठरा प्रती शिल्लक होत्या. अठराही प्रतींत, त्याच पानावर, वरून सातव्या ओळीत, 'आम्ल' आणि 'पाणी' या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने वर्तुळे काढलेली होती आणि ती एका वळणदार रेषेने जोडलेली होती. समासात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते, 'अदलाबदल करावी.'

"हे कोणी केलं?" मी विचारले.

दुकानाचे मालक कोळेकर शिडीवर उभे राहून वरची फळी पुसत होते. तिथूनच त्यांनी मान वळवली. "काय केलं?"

"माझ्या पुस्तकावर कोणीतरी पेन्सिल चालवली आहे. एकूण एक प्रतीवर."

"मग तो चष्मेवाला असणार." ते खाली उतरले. "सोमवारी एक गृहस्थ आलते. तुमचंच पुस्तक मागितलं, हाईत तेवढ्या प्रती काढा म्हणाले. मला वाटलं, शाळेसाठी घेत्यात. ह्या बाकावर दोन तास बसले आणि सगळ्या परत फळीवर लावून गेले. घेतली एकबी न्हाई."

"आणि तुम्ही बसू दिलंत?"

"बाई, पुस्तकाचं दुकान हाय. येणारी निम्मी माणसं बसायलाच येत्यात. उठवायला लागलो तर मी एकटाच राहीन की हितं."

"ते वाचत होते?"

कोळेकरांनी फडके खांद्यावर टाकले. "तेच तर सांगतोय. पुस्तक उलटं धरून वाचत होते. पान काढायचं, पुस्तक फिरवायचं, डोकं खाली पाय वर, बोट लावून एक ओळ बघायची, मग सुलटं करून पेन्सिल चालवायची. परत दुसरी प्रत. म्हटलं, माणूस जरा..." त्यांनी कपाळाजवळ बोट फिरवले. "पण बोलायला एकदम शाणा."

मी वही काढून हे निरीक्षण नोंदवले आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

ही गोष्ट १९८६ सालातली आहे. मी तेव्हा साताऱ्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. ग्रामीण शाळांतल्या विज्ञानशिक्षकांसाठी मी एक पुस्तक लिहिले होते आणि त्याला 'करून पाहिलेले प्रयोग' असे आत्मविश्वासपूर्ण नाव दिले होते. कोल्हापूरचे प्रकाशक तासगावकर यांनी ते स्वतःच्या छापखान्यात छापले. दिवाळीच्या तोंडावर मला वाळवा तालुक्यातल्या देशिंगे नावाच्या शिक्षकांचे पत्र आले. ते मूळचे भूगोलाचे. विज्ञानाचा शिक्षक मिळत नाही म्हणून तो विषयही शिकवत. माझ्या पुस्तकात पाहून त्यांनी वर्गासमोर तीव्र सल्फ्युरिक आम्ल सौम्य केले. पत्र डाव्या हाताने लिहिलेले होते, कारण उजवा कोपरापर्यंत भाजला होता. 'मुले दोन हात लांब होती, एवढेच बरे,' असे शेवटी होते. तक्रारीचा एकही शब्द नव्हता.

मी पुस्तक उघडून पाहिले. वाक्य असे छापले होते: 'चंचुपात्रात प्रथम आम्ल घ्यावे व काचकांडीने ढवळत त्यात पाणी सावकाश सोडावे.' नेमके उलट हवे. तीव्र आम्लात पाणी ओतले, तर इतकी उष्णता एकाएकी निघते, की पाणी जागच्या जागी उकळते आणि आम्लाला घेऊन बाहेर उडते. दोन शब्दांची जागा बदलली होती. आम्ल आणि पाणी दोन्ही नपुंसकलिंगी असल्यामुळे व्याकरणाने तक्रार केली नव्हती.

अठरा वर्षे मी हे वर्गात शिकवत होते. ही चूक माझी असणे संभवत नव्हते. त्याच दिवशी मी तासगावकरांना लिहिले, की अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने दोन शब्द इकडचे तिकडे लावले आहेत, संबंधितावर कारवाई व्हावी. उत्तर तत्परतेने आले. जुळारी नेमगोंडा शेडबाळे, नोकरी सत्तावीस वर्षे. 'विचारणा केली असता तो काही बोलला नाही, अर्थात चूक मान्य आहे. त्यास कामावरून कमी केले आहे. आपले म्हणणे याहून वेगळे असल्यास सोमवार दिनांक १७ पूर्वी कळवावे. त्या दिवशी नवा माणूस ठेवत आहोत.' सोबत शुद्धिपत्राच्या चारशे चिठ्ठ्या होत्या.

सतरा तारखेलाच शाळाही उघडणार होत्या. कोल्हापुरातल्या प्रती तासगावकर पाहणार होते. उरलेल्या कराड, इस्लामपूर, सांगली, जयसिंगपूर आणि गडहिंग्लज इथल्या दुकानांत होत्या. तेराव्या तारखेला, गुरुवारी सकाळी, मी चिठ्ठ्या, डिंकाची बाटली आणि लाल शाईचे पेन घेऊन एसटीने निघाले.

कोळेकरांनी चिठ्ठी हातात घेऊन मोठ्याने वाचली. "'मुद्रणदोषामुळे पृष्ठ ६१ वर आम्ल व पाणी या शब्दांची अदलाबदल झाली आहे.' मुद्रणदोष. म्हणजे जुळाऱ्यावर आलं. त्याचं काय केलं?"

"कामावरून काढलं."

"एका ओळीपायी?"

"त्या ओळीने एका माणसाचा हात भाजला आहे."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "आणि इकलेल्या प्रतींचं काय?"

"तासगावकर वर्तमानपत्रात निवेदन देणार आहेत."

"ते कोण वाचतंय? चष्मेवाल्यानं माझ्याकडनं नावं लिहून नेली. बावीस प्रती इकल्यात. एकवीस नावं मी बसल्या जागी सांगितली. बाविसावा नांदगावचा का काल्याचा, ते आठवंना, तर म्हणाला, आठवा, मी थांबतो. आणि थांबला की हो."

माझ्या वहीत विकलेल्या प्रतींसाठी रकानाच नव्हता. मी तो आखला.

इस्लामपूरचे दुकान बशीर मुल्ला यांचे. अर्धे दुकान सायकलदुरुस्तीचे, अर्धे पुस्तकांचे, मधे पडदा नाही. मी विचारण्याआधीच त्यांनी रचना समजावून सांगितली. "पंक्चर निघंपर्यंत गिऱ्हाईक काय करणार, बाई? उभं राहून वाचतंय. चाक तयार झालं, की गोष्ट अर्धी राहिलेली असते. मग पुस्तक घ्यावंच लागतं." हा विक्रीचा सिद्धान्त मी तोवर कुठेही वाचला नव्हता आणि त्यात मला तर्कदोष आढळला नाही. त्यांच्याकडे माझ्या अकरा प्रती होत्या. अकराही दुरुस्त.

"मंगळवारी आले होते," मुल्ला म्हणाले. "सायकल भाड्यानं नेली माझ्याकडनं, दोन दिवस. खेड्यापाड्यांतल्या मास्तरांकडं जायचं म्हणाले. घेणाऱ्यांची नावं मीच दिली. आणि एक सांगू? पुस्तक उलटं धरत्यात ते."

"माहीत आहे. कारण विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, सवय."

बसमध्ये मी शक्यता तपासल्या. पहिली, तो एखादा विज्ञानशिक्षक असावा. पण शिक्षक एक प्रत दुरुस्त करील, फार तर पत्र लिहील. सायकल भाड्याने घेणार नाही. दुसरी, तासगावकरांनी मला न कळवता कोणी पाठवला असावा. पण मग त्याच्याकडे चिठ्ठ्या असत्या. तिसरी, वेडसर. वेडसर माणूस एकोणतीस प्रतींत एकाच जाडीची रेषा काढत नाही. ती दोन वर्तुळे जोडणारी रेषा मी कुठेतरी पाहिली होती, परंतु कुठे ते आठवत नव्हते. मला त्या माणसाबद्दल कुतूहल वाटू लागले होते, आणि अंगावर काढलेल्या तापासारखे ते बसगणिक वाढत होते.

सांगलीत शुक्रवारी दुपारी पोहोचले. तिथले दुकान मालतीबाई आरवाडे चालवत. वय साठीच्या पुढे, आवाज शाळेच्या घंटेसारखा. फळ्यांवर ना विषयांचा क्रम होता, ना अक्षरांचा.

"ही मांडणी कशी आहे?" मी विचारले.

"कुणाचं कुणाशी पटत होतं, त्यावर," त्या म्हणाल्या. "हे दोघे लेखक जन्मभर एकमेकांशी बोलले नाहीत, म्हणून हा इथं आणि तो न्हाणीच्या भिंतीला. गिऱ्हाईकाला सापडत नाही, पण मला बरं वाटतं. तुम्ही दाबकेबाई ना? तुमचं पुस्तक एकटंच आहे बघा, खिडकीत. तुमच्या ओळखीचं कुणी दिसेना."

खिडकीतल्या नऊ प्रती मी पाहिल्या. नऊही दुरुस्त.

"काल येऊन गेला तो," आरवाडेबाई म्हणाल्या. "दोन प्रती मी जांगड दिल्या होत्या."

"म्हणजे?"

"घरी न्यायची, वाचायची, पटली तर ठेवायची, नाहीतर परत आणायची. सराफ नाही का दागिने देत घरी दाखवायला, तसं. त्यानं दोन्ही पत्ते घेतले, घरी जाऊन दुरुस्त्या करून आला आणि मला येऊन सांगून गेला, की बाई, जांगड प्रतीही झाल्या. मी म्हटलं, चहा घे. बोटांकडं बघून म्हणाला, आधी हात धुतो. धुतले, पण टोकं काळीच राहिली."

"काळी? शाईने?"

"शाई इतकी मुरते होय? शिसं असेल."

आता ती रेषा कुठे पाहिली होती, ते आठवले. मुद्रितांवर, छपाईआधी तपासायला येणाऱ्या कागदांवर. दोन शब्द आपसांत बदलायचे असतील, तर छापखान्यातली माणसे अशीच खूण करतात. तो माणूस छापखान्यातला होता. याहून पुढे मी गेले नाही. आज वही काढून पाहते, तेव्हा त्या पानावर 'मुद्रितशोधक?' एवढाच शब्द आहे. दुसरा शब्द लिहायला पुरेशी जागा होती.

मी चिठ्ठ्या चिकटवू लागले. आरवाडेबाईंनी एक उचलून चष्म्याखाली धरली.

"जुळाऱ्याची चूक म्हणता?"

"अर्थात. या माणसाचा इतिहासच आहे. पहिल्या मुद्रितात त्याने 'संपृक्त' या शब्दाचं सतरा ठिकाणी 'संयुक्त' केलं होतं. माझं चुकलं असं समजून, परस्पर! मी लाल शाईत लिहिलं, की जुळाऱ्याने मजकुरात आपली अक्कल चालवू नये. मक्षिकास्थाने मक्षिका."

"म्हणजे मूळ कागदावर माशी मेलेली असली, तर नकलेतही माशी मारून चिकटवायची."

"शब्दशः नव्हे."

"नाही, पण त्यानं शब्दशः घेतलं असेल तर?" त्या चिठ्ठी खाली ठेवत म्हणाल्या. "तुमची मूळ प्रत बघितलीत?"

"त्याची गरज नाही. मी अठरा वर्षं हे शिकवते आहे."

"मी पंचेचाळीस वर्षं चहा करते. परवा जावयाच्या चहात मीठ घातलं. बिचाऱ्यानं पिऊन टाकला." त्या हसल्या नाहीत. "नाव काय म्हणालात पुस्तकाचं? करून पाहिलेले? मग एकसष्टावरचा कुणी करून पाहिला?"

आम्ल सौम्य करणे हा प्रयोग नव्हे, पूर्वतयारी आहे. ती करून पाहण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर मला सुचले होते. देशिंग्यांचा हात आठवल्यामुळे ते मी दिले नाही.

शनिवारी सकाळी जयसिंगपूरच्या दुकानात सहा प्रती पाहिल्या. तो आदल्या संध्याकाळी येऊन गेला होता. आता फक्त गडहिंग्लज उरले होते. दुपारी दीडच्या सुमारास मी तिथे उतरले.

बसर्गे यांचे दुकान गल्लीच्या टोकाला होते. पुढे पुस्तके, मागच्या खोलीत लग्नपत्रिका छापण्याचे पायाने चालवायचे ट्रेडल. दाराशीच एक माणूस स्टुलावर बसला होता. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. त्याच्या हातात माझे पुस्तक होते आणि ते उलटे होते.

मी काही बोलण्याआधी त्याची नजर माझ्या हातातल्या पुडक्यावर गेली. त्यावर मी माझे नाव आणि पत्ता लिहिला होता.

"दाबकेबाई," तो उठून उभा राहत म्हणाला. "'द'ला शेपूट काढता तुम्ही. लांबनं ओळखलं. दोनशे दहा पानं वाचली आहेत तुमच्या हातची."

"शेडबाळे?"

"व्हय."

बसर्ग्यांनी दुसरे स्टूल सरकवले. मी बसले. चार गावांतून मी ज्याचा माग काढत आले होते, तो समोर होता, आणि विचारायचे प्रश्न क्रमाने लिहिलेले असूनही पहिला प्रश्न भलताच निघाला.

"ही चूक आहे, हे तुम्हाला कधी कळलं?"

"जुळवतानाच."

"तुम्ही रसायन शिकला आहात?"

"मी चौथी पास, बाई. छापखान्यात चित्रांचे ब्लॉक करत्यात, जस्ताच्या पत्र्यावर आम्ल सोडून. आम्ल पाण्यात घालत्यात. उलटं केलं की काय होतंय, ते आमच्या ब्लॉकवाल्या इब्राहिमच्या गालावर लिवलंय. वाचायला शाळा लागत न्हाई."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "अक्कल चालवायची न्हाई म्हणून सांगितलं होतं की."

"अहो, निदान विचारायचं तरी!"

शेडबाळ्यांनी पिशवीतून पत्र्याची चपटी डबी काढली. तिच्यात चार घड्या घातलेले दोन कागद होते. पहिला माझ्या हस्तलिखिताचा. निळ्या शाईत, माझ्या अक्षरात: 'चंचुपात्रात प्रथम आम्ल घ्यावे.' दुसरा, त्याच पानाचे शेवटचे मुद्रित. सातव्या ओळीशी, समासात, मुंगीएवढ्या अक्षरांत पेन्सिलीने लिहिलेले होते, 'बाई, आधी पाणी ना?' त्याखाली लाल शाईत, 'मुळाप्रमाणे ठेवावे.' आणि सही. 'द'ला शेपूट होते.

मी दुसरे स्पष्टीकरण शोधले. त्याची शंका नंतर, नोकरी गेल्यावर लिहिलेली असू शकेल. कागद उजेडात धरला. माझ्या 'ठे'च्या मात्रेची लाल रेघ त्याच्या प्रश्नचिन्हाच्या टोकावरून गेली होती. शाई पेन्सिलीच्या वर होती. पेन्सिल आधीची.

बसर्गे आत जाऊन पाणी घेऊन आले. मी ते प्याले.

"हे पान तुमच्याकडे कसं?"

"ज्या पानावर माझी शंका, ते पान मी ठेवतो. जुनी सवय हाय."

"मग तासगावकरांना का दाखवलं नाही?"

"त्यांनी विचारलं, चूक तू केलीस का. खिळे मी लावलेत, न्हाई कसं म्हणू? मूळ कागदावर काय हाय, ते त्यांनी विचारलं न्हाई." त्याने डबीचे झाकण लावले. "तुम्हीबी न्हाई विचारलं."

"तुमची नोकरी गेली, शेडबाळे."

"व्हय. घरात चार दिवस कुणाला सांगितलं न्हाई. डबा घेऊन बाहेर पडायचो. मग म्हटलं, नुसतं फिरायचंच हाय, तर एसटीत बसून कराडला जाऊ."

"पण का? चूक तुमची नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

"मास्तराचा हात भाजला तो छापील ओळीनं भाजला की, बाई. तुमचा कागद त्यांनी कुठं बघितलाय? खिळे माझ्या हातनं लागलेत." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "एकदा विचारून गप बसलो, ते बरं केलं न्हाई. दुसऱ्यांदा विचारायला पायजे होतं. पण मागच्या खेपेची लाल शाई डोळ्यापुढं होती. संपृक्त-संयुक्तची. ती चूक मात्र माझीच."

बसर्गे मधेच म्हणाले, "सतरा ठिकाणी, नेमू? एकदा सोडून?"

"तू पत्रिका छाप. 'सहकुटुंब'चं 'सहकटुंब' कुणी केलतं पाटलाच्या लग्नात?"

मी माझा उरलेला प्रश्न विचारला. "पुस्तक उलटं का धरता?"

"सुलटं धरलं, की अर्थ आडवा येतोय," शेडबाळे म्हणाले. "काय लिवलं असणार ते आपल्याला म्हाईत असतंय, मग डोळा तेच वाचतोय आणि पुढं पळतोय. उलटं धरलं, की नुसतं अक्षर दिसतंय. खिळेबी उलटेच असत्यात, त्यामुळं आम्हाला सोपं."

मी बसर्ग्यांना तारऑफिस किती वाजेपर्यंत उघडे असते, ते विचारले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होते. मजकूर मी उभ्या उभ्या लिहिला: 'चूक लेखिकेची. शेडबाळे निर्दोष. पुरावा पाहिला. नवा माणूस ठेवू नये. पत्र मागाहून.' पत्र त्याच दुपारी लिहिले आणि त्यात काय काय पाहिले, ते क्रमाने मांडले, लाल रेघेसकट. मंगळवारी शेडबाळे पुन्हा कामावर गेले. तासगावकरांनी त्यांना बोलावले, दिलगिरी मात्र व्यक्त केली नाही. आपल्याला कोणी काही सांगितलेच नव्हते, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरे होते. माझी पुढची चारही पुस्तके शेडबाळ्यांनी जुळवली. दर दिवाळीच्या सुट्टीत या पाच दुकानांची फेरी मी पुढे अनेक वर्षे करत राहिले; पहिल्या फेरीत मी तिथल्या इतर पुस्तकांकडे पाहिलेच नव्हते.

परंतु त्या दुपारी हे काहीच ठरलेले नव्हते. तार गेली होती, आणि माझ्या पुडक्यात शेकडो चिठ्ठ्या होत्या, ज्यांवर 'मुद्रणदोषामुळे' असे छापलेले होते. वाटेत चार गावांत मी त्या स्वतःच्या हाताने चिकटवून आले होते.

"नव्या चिठ्ठ्या हव्यात," मी म्हणाले. "जुन्यांवर चिकटवायला. आजच. उद्या आणि परवा मी उलट दिशेने जाईन."

"ट्रेडल मोकळं हाय," बसर्गे म्हणाले. "जुळारीबी मोकळा हाय."

शेडबाळ्यांनी माझ्याकडे पाहिले. "नको. 'चूक दुरुस्त करावी' एवढंच छापू. कुणाची ते कशाला? तुमचं नाव हाय पुस्तकावर."

"म्हणूनच," मी म्हणाले.

मी बसर्ग्यांच्या गल्ल्यावर कागद ठेवून लिहायला घेतले. वर 'शुद्धिपत्र'. खाली दोन रकाने, 'अशुद्ध' आणि 'शुद्ध'. दोन्हींत ते वाक्य पूर्ण लिहिले. त्याखाली: 'ही चूक लेखिकेची आहे. जुळारी श्री. नेमगोंडा शेडबाळे यांनी ती छपाईपूर्वी दाखवून दिली होती. लेखिकेने लक्ष दिले नाही.' एकदा वाचून पाहिले. निर्दोष होते. सही केली आणि कागद त्यांच्या हाती दिला.

ते मागच्या खोलीत खिळ्यांच्या खान्यांसमोर उभे राहिले. एका हातात जुळवायची पट्टी, दुसऱ्या हातात माझा कागद. काही वेळ खिळे उचलल्याचा आवाज आला नाही.

"कसं करू, बाई?" त्यांनी आतून विचारले. "मक्षिकास्थाने मक्षिका, का अक्कल चालवू?"

बसर्गे खो खो हसले. मलाही हसू आले. "अक्षर लागत नाही का?"

"अक्षर लागतंय."

ते दारात आले. माझा कागद त्यांनी उलटा धरला होता. उजव्या रकान्यावर, 'शुद्ध' या शब्दाखाली, त्यांचे काळे बोट होते.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "आधी पाणी ना?"

मी उठून त्यांच्याजवळ गेले. त्यांनी कागद माझ्याकडे सुलटा करून द्यायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांचा हात थांबवला. कागद होता तसाच घेतला, उलटा, आणि बोट लावून एकेक अक्षर वाचू लागले.